फिक्रीसरांची गाडी आज कुठे आहे?

फिक्रीसर गेल्यापासून त्यांची पांढरी पूजो गाडी जास्तच हिंडायला लागली होती.

सर होते तेव्हा तिचा दिनक्रम ठरलेला होता. शाळा, घर आणि शुक्रवारी भाजीबाजार. आता बॅटरी मेलेली, टायर अर्धे बसलेले, इंजिन तोंडातून शब्द काढत नाही अशी तिची अवस्था. तरी ती रोज नव्या ठिकाणी सापडे. कधी औषधांच्या दुकानासमोर, कधी मशिदीच्या भिंतीला, तर कधी मुलींच्या शाळेच्या फाटकापाशी, जणू कोणाला घ्यायला आलीय. सरांची मुलगी इनायात सकाळी आधी बाल्कनीतून वाकून गाडी शोधी आणि मगच चहा टाकी.

यात भुताटकी काही नव्हती. कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या गल्लीत गाड्या दोन ओळींत उभ्या राहतात. बाहेरच्या ओळीत गाडी लावणाऱ्याने हँडब्रेक सोडून, गिअर मोकळा ठेवून वर जायचं. आतल्याला निघायचं झालं की तो बाहेरची गाडी ढकलतो, आपली काढतो आणि वाटेला लागतो. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच बहुधा कैरोत तो पाळला जातो. फिक्रीसरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण या एका बाबतीत ते नीतिशास्त्र शिकवत. "हँडब्रेक ओढून वर जाणं म्हणजे शेजाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी घालणं," असं ते म्हणत. त्यांनी गाडीची दुसरी चावीही इमारतीचा दारवान बशीर याच्याकडे देऊन ठेवली होती, म्हणजे ढकलताना कोणाला सुकाणू धरायचं असेल तर अडू नये.

इनायात मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवायची. प्राचीन काव्यात तिने एम. ए. केलं होतं, आणि एवढ्यावर सगळी गल्ली तिला 'डॉक्टरबाई' म्हणायची. सुरुवातीला ती "मी अजून डॉक्टर नाही" अशी दुरुस्ती करी. दुरुस्ती करणं हा तिचा स्वभावच होता. भाजीवाल्याच्या पाटीवरचे शब्दसुद्धा ती खडूने सुधारून येई. पण या पदवीपुढे तिने हात टेकले होते.

गाडीचं काय करायचं याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, एक तिचं सोडून. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा वस्ताद झीनहुम याने बॉनेट उघडून आत पाहिलं, आणि मयताच्या घरी डोकावावं तसा आवाज खाली आणून म्हणाला, "इंजिन गेलं, डॉक्टरबाई. सरांच्या पाठोपाठ गेलं. निष्ठा म्हणतात ती हीच."

"मग दुरुस्त करा."

"निष्ठा दुरुस्त होत नाही. भंगारात घाला."

कुवेतहून भाऊ हिशाम फोनवर म्हणाला, "ताई, विकून टाक. तू चालवतेस का? नाही. मग?"

चालवण्याचा परवाना तिच्याकडे होता. सरांनीच तिला शिकवलं होतं. पण ते शेजारी बसून इतक्या शांतपणे मरणघडीचा कलमा म्हणत, की पुढे तिने चालवणं सोडून दिलं. गाडीत सरांचा चष्मा होता आणि पेपरमिंटची अर्धी पुडी. चालकाची सीट त्यांच्या लांब पायांच्या मापाने पार मागे सरकवलेली होती. इनायात कधीमधी मागच्या सीटवर जाऊन बसे. यातलं काहीच हिशामला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती एवढंच म्हणाली, "बघू."

आणि तेवढ्यात काचेवर लाल कागद चिकटला. 'बेवारस वाहन. विभाग कार्यालयाकडून उचलले जाईल.'

'बेवारस' या शब्दात व्याकरणाची एकही चूक नव्हती. म्हणूनच तो तिला जास्त झोंबला.

विभाग कार्यालयात खिडकीमागे मदाम सौसन मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसल्या होत्या. देठ डावीकडे, पानं उजवीकडे. मधल्या मोकळ्या जागेत सरकारी काम.

"कोणत्या गाडीबद्दल हरकत आहे?"

"गाडी एकच आहे."

"आमच्याकडे तीन आहेत." मदामनी पानांखालून तीन प्रकरणं ओढून काढली. "एक औषधांच्या दुकानासमोर. एक मशिदीपाशी. एक मुलींच्या शाळेबाहेर."

"नंबर बघा ना. तिन्हीवर एकच नंबर आहे!"

"तोच तर गुन्हा आहे, डॉक्टरबाई. एका नंबरच्या तीन गाड्या."

"अहो, एकच गाडी तीन ठिकाणी होती!"

"बंद गाडी तीन ठिकाणी?" मदामनी देठ मोडला. "आमचे निरीक्षक तुमच्या गल्लीत जाऊन आले की हल्ली रक्तदाबाची गोळी मागतात. गाडी एका जागी राहिली असती तर कसं सोपं झालं असतं."

कोणासाठी सोपं, हे विचारायचं इनायातला सुचलं नाही.

सुटकेचा मार्ग एकच होता. गाडी वाहन-परवाना कचेरीच्या आवारात स्वतःच्या इंजिनावर न्यायची, ओढून किंवा लादून नव्हे, आणि तपासणीत पास करून आणायची. तसं झालं की तिन्ही प्रकरणं एकदम बंद होतील. "आणि कार्यालय एका फटक्यात तीन गाड्या निकालात काढेल," मदाम सौसन म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

घरी येताना इनायातने दोन निर्णय घेतले. गाडी चालू करायची. आणि झीनहुमकडून नाही, स्वतः करायची. त्यासाठी शहराच्या टोकाला असलेल्या तंत्र-महाविद्यालयात मोटार दुरुस्ती व तंत्रज्ञानाची संध्याकाळची पदविका होती. गाड्यांत कारकीर्द करू पाहणाऱ्या पोरांसाठी ती होती हे खरं. पण व्याकरण शिकायलाही सगळे काही व्याकरणकार होण्यासाठी येत नाहीत, असा तिने युक्तिवाद तयार ठेवला होता.

तो वापरायची वेळच आली नाही. प्रवेशाच्या कारकुनाची अडचण वेगळी होती.

"औद्योगिक शाळेचा दाखला?"

"माझ्याकडे एम. ए. आहे."

"हे जास्त आहे."

"मग चांगलंच की."

"जास्त म्हणजे चुकीचं. कमी असतं तर वाढवता आलं असतं." त्याने पेन कानामागे खोचलं. "विषय कोणता?"

"प्राचीन काव्य."

"काव्यात यंत्रबिंत्र येतं का कुठे?"

इनायात म्हणाली, "सांडणीची वर्णनं येतात. बारकाईने. सांधे, खूर, चाल, किती पाण्यावर किती मजल मारते ते. पानंच्या पानं."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि गंभीरपणे लिहिलं : 'वाहनांचे पूर्वज्ञान : आहे.'

बातमी तिच्या आधी गल्लीत पोचली. पहिल्या मजल्यावरच्या हाजीणबाई इन्साफ बाल्कनीतून म्हणाल्या, "अगं, गाडीला दृष्ट लागलीय. बॉनेटखाली ऊद जाळ, तीन शुक्रवार. पदविका कशाला हवी?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ब्रिगेडियर तलअत सैन्याच्या वाहतूक तुकडीत होते, आणि सिनाईच्या वाळूत त्यांनी काय काय चालू केलं होतं हे गल्लीला पाठ होतं. ते म्हणाले, "पोरी, इंजिनाला आज्ञा द्यावी लागते. विनंती केलीस की बसलंच ते." झीनहुमने दुकानाच्या दारातून फक्त "इंजिनीअरबाई!" अशी हाक मारली, आणि त्या हाकेत जेवढा उपहास मावत होता तेवढा भरला.

इनायातने मान वळवली नाही. मात्र पहिल्या दिवशी महाविद्यालयात मिळालेला निळा डगला तिने पिशवीच्या तळाशी, व्याकरणाच्या वह्यांखाली लपवून आणला. तो एका धिप्पाड पुरुषाच्या मापाचा होता. अस्तन्या चारदा दुमडूनही हात सापडेनात.

वर्गात सगळी विशीच्या आतली पोरं. ती आत शिरली तेव्हा सगळी सवयीने उठून उभी राहिली, आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा गोंधळून तशीच उभी राहिली. शिकवायला इंजिनीअर वगीह. पंधरा वर्षं परदेशी कारखान्यात काढून आलेले, तोंडावर बोलणारे गृहस्थ. त्यांनी इंजिनाचं नावही काढलं नाही. डावा हात वर केला. त्याला दोन बोटं कमी होती.

"गाडीला हात लावण्याआधी काय?"

"अल्लाचं नाव," पोरं म्हणाली.

"त्यानंतर?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"हँडब्रेक! आधी हँडब्रेक, मग चाकाला अडसर, मग तुमचा आत्मविश्वास. आमच्या गल्लीत एक सज्जन माणूस शेजाऱ्यांची सोय बघून हँडब्रेक सोडून गेला होता. मी त्याच गाडीखाली होतो."

इनायातने वहीत 'हँडब्रेक' लिहून खाली दोन रेघा मारल्या. बाबांविरुद्ध काहीतरी लिहिल्यासारखं तिला उगाच वाटलं.

प्रात्यक्षिकाचा पहिला दिवस तिच्या प्रतिष्ठेला मानवला नाही. एक गंजलेला नट सोडवायचा होता. तासभर ती पान्याशी झुंजली, घामाने डोक्यावरचा रुमाल भिजला, नट ढिम्म. वगीह मागे येऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तो सोडवत नाही आहात. आवळताय."

पोरांनी हसू दाबलं. एक तर डिकीत तोंड घालून हसून आला. इनायातने पाना उलट फिरवला. दुसरी संध्याकाळ त्या नटाने खाल्ली, कारण पहिल्या संध्याकाळी तिने तो खरोखरच फार उत्तम आवळला होता. पण तिसऱ्या संध्याकाळी तो सुटला, आणि ती तो मुठीत धरून बसने घरी आली. महाविद्यालयाची मालमत्ता नकळत आपल्या हातून बाहेर गेली हे तिला गादीवर पडल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी तिने तो दिलगिरीसह परत केला. वगीहनी तो खिशात टाकला आणि त्या दिवसापासून तिला काम जरा अवघड द्यायला लागले.

हिवाळा सरेपर्यंत ती शिकत राहिली. इंजिनाचे भाग ती मुलींना धातुरूपं शिकवते तशी पद्यात बांधून पाठ करी. पिस्टनच्या चार फटक्यांचा क्रम तिने असा काही गुंफला होता की पोरं ते कडवं घणाच्या ठेक्यावर म्हणायची. मोबदल्यात ती तिला जड वस्तू उचलून देत, आणि ती त्यांच्या अहवालातल्या व्याकरणाच्या चुका सुधारी. तक्रार कोणाचीच नव्हती.

एका मंगळवारी सकाळी विभागाचे निरीक्षक गल्लीत येऊन गेले. गाडी तेव्हा औषधांच्या दुकानासमोर, बाहेरच्या ओळीत होती. दुपारी शाळेतून आल्यावर इनायात निळा डगला चढवून तिच्याखाली शिरली. इतके दिवस शिकलेल्या विद्येचा पहिला प्रयोग कशावर करायचा, हे तिने ठरवलं होतं. हँडब्रेकची तार वर्षानुवर्षं न वापरल्याने सडून गेली होती. तिने नवी तार ओवली, मागच्या चाकांचे ब्रेक साफ केले, ताण बरोबर बसवला.

गाडीखालून फक्त तिचे बूट दिसत होते, त्यामुळे गल्लीने सगळे सल्ले बुटांना दिले.

"डावीकडून घे, पोरी, डावीकडून. शत्रू नेहमी उजवीकडून अपेक्षा करतो," ब्रिगेडियर म्हणाले.

"लाज आणलीत हो बुटांनो," झीनहुम म्हणाला. "एम. ए. ना तुम्ही?"

संध्याकाळी तिने हँडब्रेक ओढला. कर्र, कर्र, कर्र, खट्. आयुष्यात इतका समाधानकारक आवाज तिने ऐकला नव्हता. गाडी गिअरमध्ये टाकली, काचा वर केल्या, दारं लावली आणि बशीरसमोर जाऊन हात पुढे केला. "चावी द्या, बशीर. बाबांची गाडी आता इकडेतिकडे फिरणार नाही. एका जागी राहील."

म्हाताऱ्या बशीरने चावी दोन्ही हातांनी दिली.

बुधवारी तो दारात येऊन उभा राहिला. "डॉक्टरबाई, गाडी जरा... हातभर पुढे घेतली असती तर..."

"कोणाला निघायचंय?"

"निघायचं असं कोणाला नाही..."

"मग नको."

गुरुवारी हाजीणबाई इन्साफ यांच्या मुलीचं लग्नाचं सामान नव्या घरी निघायचं होतं. सामान म्हणजे पलंग, कपाटं, शीतकपाट, आरसे, गाद्यांचा डोंगर; वर मुलं बसलेली, पुढे ढोल. सगळं दोन ट्रकांवर लादून ट्रक गल्लीच्या मधोमध आले आणि फिक्रीसरांच्या गाडीपाशी थांबले.

इनायात तेव्हा शाळेत आठवीला कर्मणी प्रयोग शिकवत होती. त्यामुळे पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं.

आधी नेहमीप्रमाणे दोघं पुढे झाले. गाडी हलली नाही. मग चौघं. मग ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. सगळे मिळून "या रब" म्हणत रेटायला लागले, आणि एवढे दिवस बोटाने ढकलली तरी पळणारी गाडी जमिनीत रुजल्यासारखी उभी. हँडब्रेक हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. येईल कसा? या गल्लीत फिक्रीसरांच्या गाडीचा हँडब्रेक लावलेला असेल, यापेक्षा तिला पंख फुटले असतील यावर लोकांनी आधी विश्वास ठेवला असता.

कोणीतरी हळूच म्हणालं, "वलींचा, संतपुरुषांचा जनाजा असाच जड होतो. जायचं नसलं की."

सगळे मागे सरले. हाजीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर फार सज्जन होते हो. माझ्या पोरीला फुकट शिकवलं त्यांनी. तिला निरोप द्यायला थांबलेत!"

इनायात शाळेतून परतली तेव्हा गल्ली दोन्ही टोकांनी तुंबली होती. गाडीच्या आरशावर हिरवं कापड बांधलं होतं. बॉनेटवर एक मेणबत्ती जळत होती, आणि पलीकडच्या गल्लीतली एक बाई आपल्या गुडघ्यांसाठी डिकीला हात लावून प्रार्थना करत होती. औषधांचं दुकान समोरच उघडं होतं. नवरीकडची माणसं फातिहा म्हणत होती. झीनहुमसुद्धा टोपी काढून उभा होता.

ती गर्दीतून पुढे आली. सगळ्यांनी आदराने वाट दिली. वलींची मुलगी!

"हँडब्रेक आहे," इनायात म्हणाली.

कोणाला कळलं नाही.

"हँडब्रेक लावलाय. मी लावला. गिअरही टाकलाय."

मेणबत्ती तेवढी तडतडली. डिकीपाशी असलेल्या बाईने आपला हात काढून घेतला, आणि गुडघाभर फसवणूक झाल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"फिक्रीसरांच्या गाडीला," झीनहुम टोपी घालत म्हणाला, "हँडब्रेक!"

इनायातने दार उघडलं, गिअर मोकळा केला, हँडब्रेकची तरफ खाली केली. बशीरने नुसता तळवा लावला तशी गाडी निमूट सरकली. ट्रक गेले, ढोल वाजले. तेव्हा तिला दिसलं, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर विभागाचे निरीक्षक बसले होते आणि कितीतरी महिन्यांनी मिळालेल्या समाधानाने काहीतरी लिहीत होते.

"पोरी, तू काय केलंस?" ब्रिगेडियर तलअत यांचा आवाज चढला नाही, तो नेहमी चढलेला असे, आज खाली आला. "एकाच जागी लागोपाठ दोनदा दिसल्याशिवाय गाडी बेवारस ठरत नाही. दुसरी खेप झाली की उचलायला ट्रक येतो. तुला काय वाटलं, ही रोज उगाच हिंडत होती?"

"लोकांना गाड्या काढायच्या असतात म्हणून..."

"कोणाला गाडी काढायची असते इथे! निम्म्या गाड्या माझ्यासारख्या निवृत्त आहेत. त्या कार्यालयात माझा एक जुना सुभेदार आहे. निरीक्षक निघाले की तो मला कळवतो. इन्साफबाई बाल्कनीतून भाजीची टोपली खाली सोडतात, ती खूण. मग बशीर सुकाणूवर आणि आम्ही मागे. ते येण्याआधी जमलं तर आधी, नाहीतर गेल्यावर लगेच. सहा महिने मोहीम चालवली. माझी कंबर बघ!"

"मला सांगितलं का नाही?"

ब्रिगेडियरनी हाजीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी बशीरकडे, बशीरने जमिनीकडे.

"तुम्ही रोज सकाळी वाकून बघायचात, आज कुठे आहे ते," बशीर म्हणाला. "वाटलं, बघू देत."

इनायातने पिशवीतून चावी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

निरीक्षक उठले. "ट्रक रविवारी सकाळी," ते म्हणाले. त्यांनाही फार बरं वाटत होतं असं नाही.

"परवाना कचेरी शनिवारी उघडी असते," इनायात म्हणाली. "शनिवारी गाडी इथून जाईल. स्वतःच्या इंजिनावर."

"इन्शाल्ला," झीनहुम म्हणाला. तो शब्द माणसं एरवी 'काही होत नाही' या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर सरांचं वर्तमानपत्र पसरून तिने कार्ब्युरेटर उघडला. महिनोन् महिने साचलेलं पेट्रोल आत खजुराच्या काकवीसारखं झालं होतं. तिने भोकं न् भोकं धुतली, चहाच्या गाळणीने कचरा गाळला, मेलेल्या बॅटरीऐवजी ब्रिगेडियरांची जुनी बॅटरी आणली. ती फक्त अर्धीच मेलेली होती. हाजीणबाई लग्नघरची वाटीभर मिठाई घेऊन आल्या आणि गुपचूप ऊदही फिरवून गेल्या. सगळं परत जोडलं, तेव्हा टेबलावर एक स्क्रू उरला.

तिने वगीहना फोन केला.

"फेकू नका," ते म्हणाले. "जवळ ठेवा. कुठला आहे ते गाडी स्वतः सांगेल."

"कधी?"

"वाईट वेळी."

शनिवारी सकाळी टायरांत हवा भरली. लोक खुर्च्या टाकून बसले. इनायात चालकाच्या जागी बसली आणि तिला कळलं की आपले पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत.

तिने खाली हात घातला. सीट सरकवायची कडी हाताला लागली. तिने ती धरली आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं, पोरी?" ब्रिगेडियर खिडकीत वाकले.

"काही नाही." तिने कडी उचलली. सीट करकरत पुढे आली आणि तिच्या मापाला जाऊन खटकन् बसली.

चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि बॅटरी संपली.

झीनहुमने उसासा सोडला. इनायातने काच खाली केली. "दुसरा गिअर टाकते. वेग आला की क्लच सोडीन. तुम्ही ढकला."

ढकलायचं! यात त्या गल्लीला कोणी काही शिकवावं? बशीर, ब्रिगेडियर आपल्या कमरेसह, औषधवाला, ढोलवाल्यांपैकी उरलेले दोघं, सगळ्यांनी हात लावले, आणि झीनहुम "असं नाही, असं नाही" करत शेवटी सगळ्यांच्या मध्ये घुसला. गाडी धावायला लागली. मशिदीपाशी इनायातने क्लच सोडला. इंजिनाने एक प्रचंड ढेकर दिला, काळ्या धुरात सगळी मंडळी दिसेनाशी झाली, आणि धुरातून ब्रिगेडियरांची आरोळी आली, "थांबू नकोस! मागे बघू नकोस!"

ती थांबली नाही. तेवढ्यात गाडीने तो स्क्रू कुठला ते सांगितलं. तो हॉर्नचा होता. हॉर्न अडकला आणि वाजतच राहिला, अखंड, परवाना कचेरीपर्यंत. सुदैवाने गाव कैरो होतं. वाटेत कोणी मान वर करून पाहिलं नाही. उलट दोघांनी उत्तर दिलं.

आवारात वगीहनी शिकवल्याप्रमाणे तिने इंजिन बंद न करता बॉनेट उघडलं आणि पर्समधला स्क्रू जागी बसवला. पहिल्या फटक्यात, बरोबर दिशेने. हॉर्न थांबला. तपासनीस कानातून बोटं काढून पुढे आला.

"गाडी कोणाची?"

"वडिलांची."

"दुरुस्ती कोणाची?"

"माझी."

त्याने तिच्या नखांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न गिळला. दिवे, ब्रेक, धूर : धुरापाशी तो थोडा घुटमळला. मग गाडी चढावर न्यायला लावली. "हँडब्रेक."

कर्र, कर्र, कर्र, खट्.

तो मागे गेला, त्याने ढकललं. दुसऱ्याला बोलावून ढकललं. गाडी तसूभर हलली नाही.

"वीस वर्षं हे काम करतोय," तपासनीस म्हणाला. "चालणारा हँडब्रेक आज पाहिला. धुराचं सोडा. पास."

काचेवरचा लाल कागद तिने तिथेच, नखाने खरवडून काढला. पुढे पदविकेच्या परीक्षेत तिला 'ठीक' असा शेरा मिळाला. एम. ए. चा 'उत्कृष्ट' तिने कपाटात ठेवला होता. हा 'ठीक' दिवाणखान्यात लावला.

पण तो पुढचा भाग. त्या दुपारी ती गल्लीत परतली तेव्हा जागा नव्हती. बाहेरच्या ओळीत, हाजीणबाईंच्या बाल्कनीखाली तिने गाडी लावली. इंजिन बंद केलं. हात सवयीने तरफेवर गेला. कानात वगीह बोलत होते, दोन बोटं कमी असलेल्या हातासकट. गाडीखाली आता कोणी नव्हतं. पेपरमिंटच्या पुडीतली एक गोळी तिने तोंडात टाकली. फारच मऊ पडली होती. मग गिअर मोकळा केला, तरफ पार खाली आहे ना ते पाहिलं आणि वर गेली. सीट तिने मागे सरकवली नाही.

रविवारी, तिथल्या शाळांचा आठवडा सुरू होतो त्या सकाळी, बाल्कनीतून वाकून पाहिलं तर गाडी जागेवर नव्हती. तिने चहा टाकला, प्यायली, वह्या उचलल्या आणि जिना उतरली. बशीर दारात पाणी मारत होता. त्याने नळी बाजूला धरून तिला वाट दिली.

"डॉक्टरबाई, तुमची गाडी आज शाळेच्या फाटकापाशी आहे."

एरवी असं कोणी म्हणालं असतं तर तिने तिथल्या तिथे सुधारलं असतं. 'सरांची' म्हणा.

"बरं," इनायात म्हणाली, आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली.